कुलूप लागण्याआधीची नोटीस

न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ घर घेत होता. सौदा ठरला, बँकेचे कर्ज मंजूर झाले, फक्त डाउन पेमेंटला थोडी रक्कम कमी पडत होती. ती निवृत्तीच्या खात्यातून, म्हणजे ४०१-के मधून, कर्जाऊ उचलायची असे त्याने आधीपासून ठरवले होते. तिथल्या बऱ्याच कंपन्यांच्या योजनांत ही सोय असते: आपल्या हक्काच्या शिलकीच्या साधारण निम्म्यापर्यंत, आणि जास्तीत जास्त ५०,००० डॉलर. एका रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. कर्जाचे बटण राखाडी झाले होते, दाबले तरी काही होत नव्हते. वर पिवळ्या पट्टीत एवढेच लिहिले होते की योजना नव्या व्यवस्थापकाकडे जात असल्यामुळे अमुक तारखेपर्यंत सर्व व्यवहार बंद आहेत. घराचे खरेदीखत त्या तारखेच्या चार दिवस आधी व्हायचे होते.

त्याने मला फोन केला. ‘‘दादा, पैसे माझे, पगारातून कापलेले माझे, आणि मलाच काढता येत नाहीत म्हणजे काय?’’

दुसऱ्या दिवशी शोधाशोध केल्यावर पाच आठवड्यांपूर्वीची ईमेल सापडली. न उघडलेली. त्यात बंदी कधी सुरू होणार, कधी संपणार, कर्ज मिळणार नाही, हे सगळे स्पष्ट लिहिले होते. शेवटी घर विकणाऱ्याची मनधरणी करून तारीख आठवडाभर पुढे ढकलावी लागली. त्याचे निभावले. पण असल्याच एका बंदीत अडकलेल्या हजारो माणसांचे निभावले नव्हते, आणि त्यांच्यामुळेच ती ईमेल पाठवणे कायद्याने सक्तीचे झाले. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा असे मला वाटते.

ब्लॅकआउट म्हणजे काय

अमेरिकेत खासगी नोकरी करणाऱ्याचे म्हातारपण बहुतांशी ४०१-के वर उभे असते. १९७८ च्या करकायद्यातल्या एका कलमावरून हे नाव पडले. पगारातून दरमहा काही टक्के कापून खात्यात जातात, बरेच मालक त्यात स्वतःची भर घालतात, आणि ते पैसे कोणत्या फंडात ठेवायचे हे कर्मचारी स्वतः ठरवतो. आपल्या भविष्यनिर्वाह निधीपेक्षा हे वेगळे आहे. आपल्याकडे व्याजाचा दर वरून जाहीर होतो, सभासदाला गुंतवणुकीत काही निवडायचे नसते. तिकडे निवड त्याची, आणि तोटाही त्याचाच.

ही निवड काही काळ थांबवली जाते, त्या काळाला ब्लॅकआउट म्हणतात. फंड बदलता येत नाही, कर्ज घेता येत नाही, पैसे काढता येत नाहीत. पगारातली कपात मात्र चालूच राहते. सलग तीन कामकाजाच्या दिवसांहून जास्त काळ असे हक्क बंद किंवा कमी झाले, तर कायद्याच्या भाषेत तो ब्लॅकआउट ठरतो.

कुलूप का लावावे लागते

कारण बहुतेक वेळा साधे असते. कंपनी आपल्या योजनेचा हिशेब ठेवणारी संस्था बदलते, किंवा दोन कंपन्या एकत्र होतात आणि दोन योजनांची एक करायची असते. हजारो खात्यांची शिल्लक, चालू कर्जे, हप्ते, मालकाच्या भरणीतला कितवा हिस्सा कोणाच्या हक्काचा झाला आहे, हे सगळे जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवायचे असते. जुने फंड विकायचे, रोख पुढे पाठवायची, नव्या यादीतल्या त्याच जातीच्या फंडात ती लावायची. दुकानाची मोजदाद चालू असताना गिऱ्हाईक आत घेत नाहीत, तसेच हे आहे. मधेच कोणी खरेदी-विक्री केली तर दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत.

म्हणजे ब्लॅकआउट हे मुळात पाप नाही. प्रश्न आहे तो कुलूप केव्हा लागते, कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही, याचा.

एन्रॉनमध्ये काय घडले

एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या दाभोळ वीज प्रकल्पाने नव्वदच्या दशकात आपले राजकारण ढवळून काढले. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, मग नव्याने केला. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये दराच्या वादात ती बंदही पडली. आपण तेव्हा एन्रॉनकडे महाग वीज विकणारी परदेशी कंपनी म्हणून पाहत होतो. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये तिच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे काय झाले, याची चर्चा आपल्याकडे कमी झाली.

एन्रॉन कर्मचाऱ्याच्या ४०१-के मध्ये जी भर घालत असे ती रोखीने नव्हे, स्वतःच्या शेअरच्या रूपात. पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत कर्मचारी जे भरेल त्याच्या निम्मे. शिवाय लोक आपल्या पगारातले पैसेही हौसेने त्याच शेअरमध्ये टाकत. ऑगस्ट २००० मध्ये शेअर ९० डॉलरवर गेला होता. मागे का राहायचे, असे कोणालाही वाटले असते. २००० च्या अखेरीस योजनेतल्या एकूण रकमेपैकी सुमारे ६२ टक्के रक्कम एकट्या एन्रॉनच्या शेअरमध्ये होती. पगारही तिथूनच आणि म्हातारपणाची पुंजीही तिथेच.

त्यात फक्त ह्यूस्टनचे सूटबूटवाले नव्हते. १९९७ मध्ये एन्रॉनने ओरेगॉनमधली पोर्टलंड जनरल इलेक्ट्रिक ही वीजवितरण कंपनी घेतली होती. खांबावर चढून तारा जोडणारे तिचे लाइनमन, आपल्या महावितरणच्या माणसांसारखेच, या शेअरचे धनी झाले होते.

२००१ उजाडले आणि भाव उतरू लागला. १४ ऑगस्टला मुख्य कार्यकारी जेफ्री स्किलिंग यांनी राजीनामा दिला. अध्यक्ष केनेथ ले यांनी सूत्रे हाती घेतली आणि सप्टेंबरच्या अखेरीस कर्मचाऱ्यांशी बोलताना हा शेअर सध्या फार स्वस्तात मिळतो आहे असा विश्वास दिला. १६ ऑक्टोबरला कंपनीने तिमाहीत ६१.८ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. आठवड्याभरात अमेरिकेच्या रोखे आयोगाची चौकशी सुरू झाल्याचे बाहेर आले, २४ तारखेला अर्थप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना बाजूला केले.

आणि नेमक्या याच आठवड्याच्या शेवटी, ऑक्टोबरच्या अखेरीस, ४०१-के योजनेला कुलूप लागले. हिशेब ठेवणारी संस्था बदलायची हे आधीच ठरले होते, कर्मचाऱ्यांना पत्रेही गेली होती. पण कंपनी जळत असताना ते बदल पुढे ढकलले गेले नाहीत. कामकाजाचे अकराएक दिवस कोणालाही खात्यातला शेअर विकता आला नाही. कुलूप लागताना भाव १५ डॉलरच्या आसपास होता. ८ नोव्हेंबरला कंपनीने मागच्या चार वर्षांचा नफा जवळपास ६० कोटी डॉलरने फुगवलेला होता हे कबूल केले. नोव्हेंबरच्या मध्याला कुलूप निघाले तेव्हा भाव १० डॉलरच्या आसपास उरला होता. २८ नोव्हेंबरला तो १ डॉलरच्या खाली गेला. २ डिसेंबरला एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

खरे कुलूप कोणते

या अकरा दिवसांवर अमेरिकेत रान उठले आणि ते योग्यच होते. पण आकडे समोर ठेवले की दुसरी गोष्ट दिसते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. २००१ च्या सुरुवातीला भाव ८० डॉलरच्या पुढे होता. ८० वरून १५ पर्यंतची घसरण कुलूप लागण्याआधीच होऊन गेली होती. कुलपाच्या काळात गेले ते १५ मधले पाच.

मग आधीच्या दहा महिन्यांत लोकांनी शेअर विकले का नाहीत? काहींनी वरच्यांच्या शब्दावर भरवसा ठेवला. पण मालकाने भर म्हणून दिलेले शेअर विकायला दुसरीच आडकाठी होती: वयाची पन्नाशी उलटल्याशिवाय ते विकून पैसे दुसरीकडे हलवण्याची योजनेत मुभाच नव्हती. चाळिशीतल्या लाइनमनच्या त्या शेअरला दहा वर्षांचे कुलूप होते. योजनेच्या नियमांत ते छापलेले होते आणि वर्षानुवर्षे त्याबद्दल कोणी ओरडले नाही, कारण भाव चढत होता. अकरा दिवसांचे कुलूप वर्तमानपत्रांत गाजले. दहा वर्षांचे कुलूप पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांत राहिले.

तिसरी गोष्ट चीड आणणारी आहे. वरच्या अधिकाऱ्यांच्या ४०१-के खात्यालाही तेच कुलूप होते, पण त्यांची खरी दौलत त्या खात्यात नव्हतीच. ती शेअरच्या पर्यायांत (स्टॉक ऑप्शनमध्ये) आणि खात्याबाहेरच्या शेअरमध्ये होती, आणि तिला हे कुलूप लागू नव्हते. ले यांनी २००१ मध्ये कंपनीकडून घेतलेले कर्ज फेडण्यासाठी कोट्यवधी डॉलरचे शेअर कंपनीलाच परत विकले होते. खालच्या माणसाचे दार बंद आणि वरच्याचे उघडे, ही विषमता सिनेटच्या सुनावण्यांत पुन्हा पुन्हा पुढे आली.

२००२ चा कायदा

३० जुलै २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सार्बेन्स-ऑक्सली कायद्यावर सही केली. हिशेबतपासणीसाठी गाजलेल्या या कायद्याचे कलम ३०६ आपल्या विषयाचे आहे.

पहिला भाग मोठ्या साहेबांसाठी आहे. कंपनीच्या योजनांतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त सभासदांना सलग तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ कंपनीचा शेअर घेता-विकता येत नसेल, तर त्या काळात संचालकांना आणि उच्चाधिकाऱ्यांनाही नोकरीच्या निमित्ताने मिळालेला कंपनीचा शेअर घेता-विकता येत नाही. कोणी विकलाच, तर झालेला फायदा कंपनीला परत द्यावा लागतो. मनात वाईट हेतू होता की नव्हता, हे विचारलेच जात नाही. कंपनीने वसुलीला टाळाटाळ केली तर भागधारक तिच्या वतीने दावा लावू शकतो. रोखे आयोगाने जानेवारी २००३ मध्ये याची सविस्तर नियमावली केली. त्यानुसार कंपनीला या बंदीची खबर संचालकांना द्यावी लागते आणि ८-के नावाच्या जाहीर अहवालात चार कामकाजाच्या दिवसांत नोंदवावी लागते. त्यामुळे बाहेरचा गुंतवणूकदारही ती वाचू शकतो.

काही सवलती आहेत: खरी बक्षिसे, लाभांशाची आपोआप होणारी पुनर्गुंतवणूक, बंदीची कल्पना नसताना आधीच लेखी ठरवून ठेवलेली विक्री. आणि योजनेत कंपनीचा शेअरच नसेल तर साहेबांवरची ही बंदी लागू होत नाही. पुष्कळ कंपन्यांत आज तशीच स्थिती असते.

दुसरा भाग सर्वांसाठी आहे, आणि मावसभावाला आलेली ईमेल त्यातूनच आली. योजनेच्या प्रशासकाने बंदीच्या किमान ३० दिवस आधी प्रत्येक सभासदाला लेखी नोटीस द्यायची. फार आधी दिली तर माणूस विसरतो, म्हणून ६० दिवसांपेक्षा आधीही नाही. अचानक ओढवलेल्या प्रसंगात किंवा कंपन्यांच्या विलीनीकरणात मुदतीतून सूट मिळते, पण अचानकच्या प्रसंगात उशीर का झाला हे नोटिशीत सांगावे लागते. नोटीस न देणाऱ्याला दर सभासदामागे, दर दिवसाला दंड. मूळ कायद्यात तो १०० डॉलरपर्यंत होता, पुढे महागाईनुसार वाढत गेला. २६ जानेवारी २००३ पासून हे लागू आहे.

दहा वर्षांच्या कुलपाला हात घालायला मात्र आणखी चार वर्षे गेली. ऑगस्ट २००६ च्या पेन्शन संरक्षण कायद्याने ठरवले की पगारातल्या पैशाने घेतलेला कंपनीचा शेअर कर्मचारी केव्हाही विकून दुसरीकडे वळवू शकतो, आणि मालकाने दिलेला शेअर तीन वर्षांच्या नोकरीनंतर. खात्याच्या विवरणपत्रात आता एक इशाराही छापावा लागतो: २० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे एकाच कंपनीत असतील तर गुंतवणूक पुरेशी विभागलेली नसू शकते. एन्रॉनचा ६२ चा आकडा आठवला की या एका ओळीचे मोल कळते. माझ्या मते दोन्हींत हा २००६ चा बदल मोठा आहे.

दुसरी बंदी, तिमाहीची

ब्लॅकआउट हाच शब्द आणखी एका गोष्टीसाठी वापरतात आणि तिथे घोटाळा होतो. तिमाही संपत आली की कंपन्या आपल्या काही कर्मचाऱ्यांना शेअरचे व्यवहार थांबवायला सांगतात, कारण निकालाचे आकडे त्यांना आधी कळलेले असू शकतात. हेतू नेमका उलट आहे. ४०१-के च्या बंदीत माहितीपासून लांब असलेल्या सामान्य माणसाचे हात बांधलेले असतात. तिमाहीच्या बंदीत माहितीच्या जवळ असलेल्याचे. अमेरिकेत तिमाहीची बंदी कंपनीच्या स्वतःच्या धोरणाने येते. आपल्याकडे ती नियमानेच आहे. भारतीय रोखे बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमावलीत एप्रिल २०१९ पासून स्पष्टच आहे की तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तास होईपर्यंत नेमून दिलेल्या व्यक्तींसाठी ट्रेडिंग विंडो बंद. त्यांचे जवळचे नातेवाईकही त्यात येतात. म्हणजे नवरा कंपनीच्या हिशेब खात्यात असेल तर बायकोच्या डीमॅटमधून केलेली विक्रीही अंगाशी येते. २०२२ पासून सेबीने पॅन क्रमांकच त्या शेअरपुरता गोठवण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे नजरचुकीनेही व्यवहार होऊ नये.

विंडो बंद असताना ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावात शेअर घेण्याचा, पर्याय वापरून शेअर पदरात घेता येतात, पण विकता येत नाहीत. विंडो उघडल्यावरही पूर्वपरवानगी लागू शकते. ती जास्तीत जास्त सात व्यवहार-दिवस चालते, आणि एकदा विकलेला शेअर सहा महिने उलटल्याशिवाय पुन्हा घेता येत नाही.

हिंजवडीतल्या माणसाला काय लागू

पुण्यात अमेरिकी कंपनीच्या शाखेत काम करणाऱ्याला ४०१-के नसतो, त्यामुळे पहिली बंदी त्याच्या वाट्याला येत नाही. पण त्याला मूळ कंपनीचे आरएसयू, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर हक्काचे होणारे शेअर, मिळत असतील तर त्या कंपनीचे तिमाहीचे धोरण त्यालाही लागू असू शकते. आणि इथे कराचा फटका बसतो. आरएसयू ज्या दिवशी हक्काचे होतात त्या दिवसाच्या बाजारभावावर पगाराचा भाग म्हणून कर लागतो. विंडो बंद आहे की उघडी, हे कर खाते पाहत नाही. बऱ्याच कंपन्या करापुरते शेअर त्याच दिवशी विकतात, उरलेले हातात राहतात. विंडो उघडेपर्यंत भाव पडला, तर कर चढ्या भावावर भरलेला आणि पैसे उतरत्या भावाने आलेले. मुलीची फी किंवा फ्लॅटचा हप्ता त्या शेअरवर अवलंबून ठेवला असेल तर ही तारीख आधीच पाहायला हवी.

ज्यांना दर तिमाहीला ही अडचण येते त्यांना आधीच विक्रीची लेखी योजना करून ठेवता येते. अमेरिकेत त्यासाठी १०बी५-१ नियम आहे. २०२२ च्या शेवटी केलेल्या बदलानुसार योजना केल्यावर पहिल्या विक्रीपर्यंत संचालक आणि उच्चाधिकाऱ्यांनी किमान ९० दिवस थांबायचे, इतरांनी ३०. आपल्याकडे सेबीने २०२४ मध्ये ही मुदत सहा महिन्यांवरून १२० दिवसांवर आणली. ज्याला आपले शेअर दरवर्षी थोडेथोडे काढायचे आहेत त्याने हा मार्ग नक्की विचारात घ्यावा.

नोटीस आली की

४०१-के च्या बंदीची नोटीस सहसा लहानशी असते. तिच्यात बंदीचे कारण, कोणते हक्क बंद होणार, सुरू आणि संपण्याच्या तारखा किंवा आठवडे, आणि प्रश्न विचारायला फोन क्रमांक असतोच. आणखी एक वाक्य असते: बंदीच्या काळात बदल करता येणार नाही, तेव्हा सध्याची गुंतवणूक तुम्हाला योग्य वाटते का ते पाहा. साचेबंद वाटल्यामुळे लोक ते ओलांडून जातात. पण हे वाक्य नोटिशीत घालायला लावण्यामागे ह्यूस्टन आणि पोर्टलंडच्या माणसांचा तोटा आहे.

कर्ज किंवा पैसे हवे असतील तर अर्ज बंदीच्या बऱ्याच आधी करा. शेवटच्या दिवशी केलेला अर्ज अर्धवट राहू शकतो. जुनी विवरणपत्रे उतरवून ठेवा, बंदी उठल्यावर शिल्लक जुळवायला तीच उपयोगी पडतात. वारसाचे नाव नव्या संस्थेकडे आपोआप गेले असेल असे धरून चालू नका, स्वतः पाहा. आणि नोकरी सोडली असली तरी जुन्या कंपनीत खाते उरले असेल तर नोटीस तुम्हालाही येते; ती जुन्या पत्त्यावर जात असेल तर आजच पत्ता बदला.

बंदी सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही ती सांगा.